वाळूज ते शेंद्रा: छत्रपती संभाजीनगरच्या एकात्मिक वाहतूक नियोजनाचा प्रकरण अभ्यास

छत्रपती संभाजीनगरला आज जो आकार आला आहे, तो कोणत्याही वाहतूक आराखड्यातून आलेला नाही. तो औद्योगिक वसाहतींमुळे आला आहे. रेल्वे स्टेशनजवळची जुनी एमआयडीसी, मग चिकलठाणा, ऐंशीच्या दशकात वाळूज, पुढे शेंद्रा आणि आता दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमधील ऑरिक ही औद्योगिक नगरी, अशा क्रमाने कारखाने गावाबाहेर गेले आणि माणसे त्यांच्यामागे धावत राहिली. मधल्या काळात सिडकोने पूर्वेकडे आखीव वसाहती उभ्या केल्या, उच्च न्यायालयाचे खंडपीठ, विमानतळ, रुग्णालये आणि बाजारपेठा जालना रस्त्याला चिकटत गेल्या. परिणामी पश्चिमेला वाळूज आणि पूर्वेला शेंद्रा अशी दोन टोके असलेले, पंचवीस-तीस किलोमीटर लांबीचे आणि त्या मानाने अरुंद असे हे शहर तयार झाले. त्याची जवळपास सगळी आडवी वाहतूक एकाच रस्त्यावरून होते. या पट्ट्याचे पुढील वीस-तीस वर्षांसाठी नियोजन कसे व्हावे, आतापर्यंत ते का होऊ शकले नाही आणि आज नेमका कोणता निर्णय हातात आहे, एवढ्यापुरता हा अभ्यास मर्यादित आहे.

लोकसंख्येपासून सुरुवात करणे भाग आहे, कारण तिथेच पहिली अडचण आहे. 2001 च्या जनगणनेत तेव्हाच्या औरंगाबाद महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे 8 लाख 73 हजार होती. 2011 मध्ये ती 11 लाख 75 हजार झाली, म्हणजे दहा वर्षांत जवळपास 35 टक्के वाढ. त्यानंतरची जनगणना झालीच नाही आणि प्रत्यक्ष गणना आता 2027 मध्ये होणार आहे. दरम्यानच्या काळात सातारा-देवळाई महापालिकेत आले, तर हद्दीबाहेर बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर, जोगेश्वरी ही वाळूजभोवतालची कामगारवस्ती शहराइतकीच दाट झाली. वाहतुकीचा कोणताही अंदाज बांधताना या वस्तीला ‘ग्रामीण’ रकान्यात टाकले, की सकाळच्या गर्दीचा मोठा हिस्सा कागदावरून नाहीसा होतो. रोज सकाळी तो हिस्सा नगर नाक्यावर मात्र उभा असतो.

एक रस्ता, अनेक मालक

मुकुंदवाडीत राहणारा आणि वाळूजच्या एखाद्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणारा कामगार कसा जातो, हे पाहिले की पट्ट्याचे स्वरूप कळते. कंपनीची बस मिळण्याइतके त्याचे नशीब नसेल, म्हणजे तो कंत्राटी असेल, तर तो शेअर रिक्षाने जालना रस्त्यावरून महावीर चौकात येतो. फलकावर काहीही असले तरी रिक्षावाले त्या चौकाला ‘बाबा’ असेच ओरडतात. तिथे दुसरी रिक्षा. मागे तीन-चार जण, पुढे चालकाच्या दोन्ही बाजूंना एकेक. ती छावणीतून नगर नाका, गोलवाडीचा रेल्वे उड्डाणपूल असे करत पंढरपूरच्या तिरंगा चौकापर्यंत सोडते आणि तिथून कंपनीचे गेट गाठायला पायपीट किंवा तिसरी रिक्षा. या प्रवासात वेळापत्रक नाही, तिकीट नाही, पास नाही, उशीर झाला तर कोणाला विचारावे असे कोणी नाही. तरीही या शहराची खरी सार्वजनिक वाहतूक हीच आहे. रिक्षावाल्यांच्या बेशिस्तीवर लिहिणे सोपे असले, तरी त्यांनी शोधलेले मार्ग म्हणजे मागणीचे सर्वांत अचूक सर्वेक्षण आहे, हे कोणत्याही नियोजकाने आधी मान्य करावे.

आता हाच प्रवास प्रशासनाच्या नजरेतून पाहू. त्यात महापालिकेची हद्द आहे, कटक मंडळाची, म्हणजे लष्करी छावणीच्या स्थानिक संस्थेची आहे, एमआयडीसीची आहे, सिडकोच्या वाळूज महानगराची आहे, ग्रामपंचायतींची आहे आणि पूर्वेकडे पुन्हा एमआयडीसी व ऑरिक आहे. रस्त्याचे तुकडे महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि महामार्ग यंत्रणांमध्ये विभागलेले आहेत. जालना रस्त्यावरचे क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको आदी उड्डाणपूल राज्य रस्ते विकास महामंडळाने बांधले. समांतर धावणारा लोहमार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात येतो आणि दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय सिकंदराबादला आहे. वरून महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले, परंतु बस चालवणे, सिग्नल लावणे किंवा रिक्षाचा परवाना देणे यांपैकी काहीच त्याच्या हातात नाही. परवाने परिवहन कार्यालय देते आणि वाहतुकीचे नियमन पोलीस करतात.

यातील प्रत्येक यंत्रणेने आपापले काम केलेले आहे, असेच बहुतेक वेळा दिसते. छावणीतून जाणारा रस्ता रुंद करायचा तर जमीन संरक्षण खात्याची. शिवाजीनगरच्या रेल्वेगेटवर फाटक पडले की दोन्ही बाजूंना लागणाऱ्या रांगा शहराने वर्षानुवर्षे सोसल्या, कारण रुळांखालचा भाग रेल्वेचा, जोडरस्ता दुसऱ्याचा आणि भूसंपादन तिसऱ्याचे होते. पैठण रस्त्यावर तर हा प्रकार टोकाला गेला. जायकवाडीहून शहरात पाणी आणणारी 2500 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी आणि त्याच रस्त्याचे रुंदीकरण ही दोन्ही कामे एका पट्ट्यात आली आणि एकमेकांत अडकली. वाहतुकीचा आराखडा केवळ वाहनांचा नसतो, रस्त्याखालच्या जमिनीचाही असतो, याचे याहून मोठे उदाहरण मराठवाड्यात शोधावे लागणार नाही.

बीड बायपासचा धडा

दीर्घकालीन नियोजन म्हणजे काय, हे सांगण्यासाठी परदेशातील शहरांची उदाहरणे देण्याची प्रथा आहे. येथे त्याची गरज नाही. बीड बायपास पुरेसा आहे. सोलापूर-धुळे मार्गावरील जड वाहने शहरात येऊ नयेत म्हणून तो दक्षिणेकडून काढला गेला. त्याच्या पलीकडे शेती होती आणि शेतीपलीकडे सातारा डोंगर. बायपास होताच त्यालगतची जमीन शहराच्या आवाक्यात आली. प्लॉट पडले, गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवर घरे उभी राहिली, मंगल कार्यालये आली, शाळा आणि महाविद्यालये आली. काही वर्षांतच शाळेची मुले आणि मालट्रक एकाच रस्त्यावर आले, अपघात वाढले, आंदोलने झाली, मग उड्डाणपूल आणि सेवा रस्ते आले. शेवटी जड वाहतुकीसाठी निपाणी ते करोडी असा सुमारे 30 किलोमीटरचा नवा बायपास आणखी दक्षिणेला डोंगराकडून काढावा लागला.

नवा बायपास आवश्यक होता, यात वाद नाही. मुद्दा असा की पहिल्या बायपासलगतच्या जमिनीवर काय होऊ द्यायचे, हे तो बांधणाऱ्या यंत्रणेच्या अखत्यारीत नव्हते आणि ज्यांच्या अखत्यारीत होते त्यांना रस्त्याच्या भवितव्याशी देणेघेणे नव्हते. गुंठेवारीचा प्रश्नही यातूनच पाहिला पाहिजे. 2001 च्या अधिनियमाने आणि 2021 च्या सुधारणेने अशी घरे नियमित करण्याचा मार्ग खुला झाला, ते माणुसकीचेच होते. परंतु पंधरा-वीस फुटांच्या गल्ल्या त्याने रुंद होत नाहीत. अशा वस्तीत बारा मीटर लांबीची बस वळू शकत नाही. म्हणजे जिथे स्वस्त घर मिळाले, तिथे दुचाकी सक्तीची झाली. घराच्या हप्त्यात वाचलेले पैसे पेट्रोलमध्ये गेले.

आता नव्या बायपासलगत काय होते आहे, हे प्लॉटच्या जाहिराती वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. उत्तरेकडे समृद्धी महामार्गाच्या सावंगी आणि माळीवाडा येथील प्रवेशमार्गांभोवतीही तेच सुरू आहे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा पूर्ण मार्ग. राज्याच्या नकाशावर हा रस्ता देखणा दिसतो, मात्र त्यावरून उतरलेली गाडी हर्सूलच्या अरुंद रस्त्यावर येते.

पूल आधी ठरला

2022 मध्ये स्मार्ट सिटी महामंडळाने महामेट्रोकडे सर्वंकष वाहतूक आराखडा आणि मेट्रोचा सविस्तर प्रकल्प अहवाल तयार करण्याचे काम सोपवले. त्याच सुमारास शेंद्रा ते वाळूज अखंड उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो, अशी संकल्पना जाहीर झाली. नागपूरच्या वर्धा रस्त्यावरील 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल तेव्हा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. शहरात स्वाभाविकच उत्साह होता. इतक्या वर्षांत आपल्यासाठी कोणी काही मोठे बोलले, याचाच आनंद अधिक. पण क्रम पाहा. आराखड्याने प्रवासाची मागणी मोजायची, पर्याय तपासायचे आणि मग साधन सुचवायचे, हा शास्त्रशुद्ध क्रम. येथे साधन आधीच लोकांच्या मनात पक्के झाले होते.

केंद्राच्या 2017 च्या मेट्रो धोरणात हाच क्रम बंधनकारक केलेला आहे. केंद्राची मदत हवी असेल तर सर्वंकष आराखडा, पर्यायांचे तौलनिक विश्लेषण, एकीकृत महानगर वाहतूक प्राधिकरण स्थापण्याची हमी आणि किमान 14 टक्के आर्थिक परतावा, या अटी आहेत. मेट्रो निओ म्हणजे रबरी टायरवर धावणारी, विजेच्या तारेखालची गाडी. मध्यम आकाराच्या शहरांसाठी ती सुचवली गेली. मात्र नाशिकचा अनुभव समोर आहे. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या निओसाठी 2,092 कोटींची तरतूद जाहीर झाली आणि तरीही तिथे निओ धावली नाही. संभाजीनगरने आपली सगळी भिस्त अशाच एका मंजुरीवर ठेवणे शहाणपणाचे नाही.

शिवाय पुलाचा भौतिक प्रश्न आहेच. जालना रस्त्यावर आधीच उड्डाणपूल उभे आहेत. अखंड पूल त्यांच्या वरून न्यायचा तर उंची वाढते, खर्च वाढतो आणि चिकलठाण्याच्या विमानतळाजवळ उंचीची मर्यादा आडवी येते. ते पाडायचे तर अलीकडेच केलेल्या खर्चाचे काय? पुण्यात विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रो आणि दुमजली पुलासाठी 2020 मध्ये पाडण्यात आला, तेव्हा त्याला वीस वर्षेही झाली नव्हती. चौकाचौकांत स्वतंत्र पूल बांधत जाण्याची किंमत ही अशी नंतर मोजावी लागते आणि त्या वेळी मूळ निर्णय घेणारे कोणी खुर्चीवर नसते.

शंभर बस

डिसेंबर 2018 मध्ये स्मार्ट सिटी योजनेतून शहरात ‘माझी स्मार्ट बस’ सुरू झाली. शंभर नव्या गाड्या, चालवण्याची जबाबदारी आरंभी एसटी महामंडळाकडे. त्याआधीच्या शहर बसच्या तुलनेत हे मोठे पाऊल होते आणि ज्यांनी ते उचलले त्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. तथापि केंद्रीय मापदंडाशी तुलना केली की चित्र बदलते. नगरविकास मंत्रालयाच्या सेवा निकषांनुसार दर हजार लोकसंख्येमागे 0.6 किंवा अधिक बस म्हणजे उत्तम सेवा, 0.4 ते 0.6 म्हणजे समाधानकारक आणि 0.2 पेक्षा कमी म्हणजे सर्वांत खालची श्रेणी. 2011 ची लोकसंख्या धरली तरी शंभर बसचे प्रमाण 0.085 येते. समाधानकारक श्रेणीसाठी त्या जुन्या लोकसंख्येलाही 470 बस लागतात. सगळ्या गाड्या रोज रस्त्यावर नसतात, हे यात धरलेलेच नाही.

कमी गाड्या असल्या की त्यांना सगळ्या वॉर्डांत फिरवण्याचा मोह होतो, कारण प्रत्येक भागाची मागणी असते. मग एकेका मार्गावर पाऊण तासाने, तासाने बस येते आणि ज्याला दुसरा पर्याय आहे तो थांबत नाही. याउलट निम्म्या गाड्या वाळूज-शेंद्रा पट्ट्यावर एकवटल्या असत्या, तर तिथे सहा-सात मिनिटांना एक बस देता आली असती, असा माझा अंदाज आहे. राजकीयदृष्ट्या हा निर्णय अवघड आहे, हे मान्य.

2021-22 मधील एसटीच्या दीर्घ संपाने दुसरी गोष्ट दाखवली. शहराची बस दुसऱ्या संस्थेच्या मनुष्यबळावर अवलंबून असेल, तर त्या संस्थेचा संप शहराचाही संप होतो. स्मार्ट सिटी मिशनची मुदत मार्च 2025 मध्ये संपली. गाड्या आता जुन्या होत आहेत. केंद्राच्या पीएम ई-बस योजनेतून नव्या विजेवरील गाड्यांचा आधार घ्यायचा तर आगार, चार्जिंगची सोय आणि दरवर्षीच्या तुटीचा वाटा शहराने उचलायचा आहे. शहर बस तोट्यात चालते, असे जेव्हा सभागृहात आवेशाने सांगितले जाते, तेव्हा जालना रस्ताही तोट्यातच चालतो, हे कोणी सांगत नाही.

बिडकीन आणि लोहमार्ग

पूर्व-पश्चिम पट्ट्याची चर्चा इतकी चालते की दक्षिणेकडे दुर्लक्ष होते. ऑरिकचा शेंद्रा भाग सुमारे 2,000 एकरांचा, तर पैठण रस्त्यावरील बिडकीनचा सुमारे 8,000 एकरांचा आहे. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे 20,000 कोटींच्या गुंतवणुकीसाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केला, तो बिडकीनसाठीच. हे कारखाने पूर्ण क्षमतेने सुरू झाले की कामाच्या प्रवासाचा भार दक्षिणेकडे झुकेल. आज वाळूजला जे घडले, तेच उद्या बिडकीन, चितेगाव आणि पैठण रस्त्यावर घडण्यापासून रोखण्याची संधी अजून आहे, कारण तिथली जमीन अजून पूर्ण भरलेली नाही. ऑरिकमध्ये अंतर्गत रस्ते उत्तम आहेत; मात्र गेटबाहेर पडताच कामगार पुन्हा शेअर रिक्षात बसणार असेल, तर आतल्या पदपथांचा त्याला काय उपयोग?

लोहमार्गाचा विचार तर जवळजवळ कोणीच करत नाही. मनमाड-सिकंदराबाद मार्ग शहराच्या दक्षिण अंगाने जालना रस्त्याला समांतर जातो. मुख्य स्थानकानंतर मुकुंदवाडी, चिकलठाणा, करमाड आणि पुढे बदनापूर, जालना. करमाड शेंद्र्याजवळ आहे, मुकुंदवाडी दाट वस्तीत. डिसेंबर 2023 पासून जालना-मुंबई वंदे भारत याच मार्गावरून धावू लागली. मार्ग एकेरी असल्याने दिवसभर सतत लोकल चालवणे आज शक्य नाही. परंतु दुहेरीकरणाचा आग्रह धरताना पाळीच्या वेळांना जालना-संभाजीनगर गाड्यांची मागणी शहराने एकमुखाने केली आहे, असे दिसत नाही. खासदारांच्या निवेदनांत मुंबई-पुण्याच्या गाड्या असतात. ते समजण्यासारखे आहे, पण रोज जालन्याहून शेंद्र्याला येणाऱ्याची गाडी त्यात नसते.

जुन्या शहराबद्दल थोडक्यात. मकाई दरवाजा, महेमूद दरवाजा, बारापुल्ला येथून दुहेरी वाहतूक काढण्याचा प्रश्न समांतर पुलांनीच सुटेल. गुलमंडी-पैठण गेट परिसरात रस्ता रुंद होणार नाही आणि होऊही नये. तिथे वाहनतळाचे शुल्क आणि पायी चालण्याची जागा, एवढेच उत्तर आहे.

मोकळी झालेली पट्टी

2025 च्या जून-जुलैमध्ये महापालिकेने जालना रस्ता, बीड बायपास, पैठण रस्ता आणि शहराच्या इतर प्रवेशमार्गांवर विकास आराखड्यातील रुंदी मोकळी करण्यासाठी मोठी पाडापाडी केली. अनेकांची दुकाने आणि घरे गेली; भरपाई, पुनर्वसन आणि कारवाईच्या पद्धतीविषयीचे आक्षेप गंभीर आहेत. त्या वादाचा निकाल काहीही लागो, वाहतूक नियोजनाच्या दृष्टीने एक दुर्मीळ स्थिती निर्माण झाली: मुख्य रस्त्याच्या कडेची जमीन काही काळ रिकामी आहे.

ही पट्टी कशासाठी वापरायची? सेवा रस्ता हे सहज सुचणारे उत्तर आहे. परंतु आखणीशिवाय सोडलेला सेवा रस्ता वर्षभरात वाहनतळ होतो, हे जालना रस्त्यावरील कोणत्याही मोठ्या दुकानापुढे उभे राहिल्यास दिसते. एका मार्गिकेतून तासाला हजारभर मोटारी गेल्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस धरला, तर दीड हजार माणसे होतात. तेवढ्याच रुंदीतून दर मिनिटाला साठ प्रवाशांची एक बस गेली तर 3,600. आज आपल्याकडे मिनिटाला बस नाही, म्हणून मार्गिका नको, असा युक्तिवाद होईल. मात्र दुकानांच्या पायऱ्या आणि शेड पुन्हा पुढे सरकल्यावर ती कधीच मिळणार नाही. म्हणून सलग पदपथ, बसची राखीव मार्गिका, जलवाहिनी आणि केबलसाठी एकाच बाजूला ठरलेली चर, आणि उरलेल्या रुंदीत सेवा रस्ता, असा रस्त्याच्या रुंदीचा आडवा छेद आताच नक्की करून जमिनीवर दगड रोवायला हवेत. पुढे मेट्रो आली तर तिचे खांबही याच छेदात कुठे बसतील, ते आधी ठरलेले असेल.

येथे कायद्याचा एक बारकावा महत्त्वाचा आहे. सर्वंकष वाहतूक आराखड्याला स्वतःचे वैधानिक बळ नाही. ते विकास आराखड्याला आहे, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 नुसार. वाहतूक आराखड्यातील आगारे, स्थानके आणि मार्गिका विकास आराखड्यात आरक्षण म्हणून उतरल्या नाहीत, तर त्या अहवालातच राहतात. उतरल्या तरी निश्चिंत राहता येत नाही, कारण कलम 127 नुसार दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर 24 महिन्यांत संपादन झाले नाही तर आरक्षण रद्द होते. म्हणजे वीस वर्षांच्या आराखड्यातील आगाराची जमीन पहिल्या दहा वर्षांतच विकत घ्यावी लागते. अर्थसंकल्पात ती तरतूद दिसत नसेल, तर आराखडा अस्तित्वात नाही असेच समजावे.

प्राधिकरणाबाबत चेन्नईचा अनुभव सावध करणारा आहे. तिथे एकीकृत वाहतूक प्राधिकरणाचा कायदा 2010 मध्ये झाला आणि पहिली बैठक 2022 मध्ये. संभाजीनगरने तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही. विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली महापालिका, महानगर प्राधिकरण, कटक मंडळ, एमआयडीसी, ऑरिक, रेल्वे, परिवहन कार्यालय आणि पोलीस यांची समिती शासन निर्णयानेही होऊ शकते. अट एवढीच, की या पट्ट्यावरील कोणत्याही रस्त्याच्या, पुलाच्या किंवा जलवाहिनीच्या निविदेपूर्वी तिची लेखी संमती आवश्यक असावी. संमतीचा अधिकार नसलेली समिती केवळ चहापानापुरती राहील.

पहिल्या वर्षाचे काम त्याहून साधे आहे. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखाने आजही कामगारांच्या बससाठी खासगी वाहतूकदारांना पैसे मोजतात. त्या गाड्या पाळीच्या आधी आणि नंतर धावतात, मधल्या वेळेत झाडाखाली उभ्या असतात. उद्योजकांच्या संघटना आणि शहर बस यांच्यात करार होऊन कंपन्यांनी आगाऊ पास घेतले, पाळ्यांच्या वेळा अर्ध्या-अर्ध्या तासाने पुढेमागे केल्या आणि त्या पैशातून मुकुंदवाडी-वाळूज मार्गावर पहाटे पाचपासून ठरावीक अंतराने बस सुरू झाली, तर कंत्राटी कामगारालाही तीच बस मिळेल. शेअर रिक्षांना त्याच वेळी या मार्गावरून हटवू नये; त्यांना आतल्या वस्तीपासून बसथांब्यापर्यंतचे मार्ग आणि थांब्याजवळ उभे राहण्याची अधिकृत जागा द्यावी. या करारासाठी ना दिल्लीची मंजुरी लागते ना प्रकल्प अहवाल. महापालिकेचा ठराव, कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांची तयारी आणि परिवहन प्राधिकरणाच्या बैठकीतील एक विषय, एवढे पुरते.